दोनशे गुणिले चौपन्न

रविवारी सकाळी साडेनऊपर्यंत कॅलेंडरवर एकही रेघ नव्हती, आणि घरात त्याचा आनंद होता.

हे कॅलेंडर आमच्या संडासाच्या दाराला आतून टांगलेले असते. दोरीला बांधलेली पेन्सिल त्याच्याखाली लोंबत असते. माझा धाकटा भाऊ सम्यक प्रत्येक खेपेला त्या दिवसाच्या चौकटीत एक रेघ ओढतो आणि रक्त पडले असेल तर रेघेवर ठिपका देतो. ही पद्धत मी घालून दिली. सव्वा वर्षापूर्वी त्याच्या मोठ्या आतड्याला सूज असल्याचे निदान झाले. ही सूज आतड्याला आतून जखमा पाडते, कधी उतरते, कधी उसळते आणि पूर्ण बरी होत नाही. तेव्हाच मी त्याला बजावले होते, की डॉक्टरांना ‘बरं वाटतंय’ असे सांगायचे नाही, आकडा सांगायचा.

मी चार दिवस हैदराबादला एका परिषदेसाठी गेले होते. परतल्यावर बॅग खाली ठेवून मी पहिल्यांदा दाराआडचे कॅलेंडर पाहिले. बुधवारी अकरा रेघा होत्या. गुरुवारी सात, शुक्रवारी तीन, शनिवारी एक. रविवारची चौकट रिकामी होती.

“बघितलंस?” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. तिच्या आवाजात सव्वा वर्षात न ऐकलेले काहीतरी होते. “अकरावरून शून्यावर. आणि ठिपकासुद्धा नाही.”

तो उतार माझ्या ओळखीचा होता. शुक्रवारी दुपारी हैदराबादच्या सभागृहात, पडद्यावर, मी तोच उतार दाखवला होता. फक्त तो उंदरांचा होता.

मी घाटकोपरच्या एका महाविद्यालयात औषधशास्त्रात संशोधन करते. आतड्याच्या सुजेवर वनस्पतींच्या अर्कांचा काही उपयोग होतो का, हे आम्ही तपासतो. उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात एक रसायन मिसळले की आठवडाभरात त्यांच्या आतड्याला सूज येते. मग काहींना अर्क पाजायचा, काहींना नुसते पाणी, आणि तुलना करायची. दीड वर्षापासून आमच्याकडे एका झाडाच्या सालीवर काम चालू आहे. त्या झाडाचे नाव मी येथे लिहिणार नाही. या सालीने उंदरांचे आजाराचे गुण निम्म्यावर आले होते. गुण तीन गोष्टींचे असतात: वजन, रक्त आणि विष्ठेचा पातळपणा. लेख महिन्यापूर्वी स्वीकारला गेला. त्या दिवशी आईने जेवणात गोड केले आणि मी, सावधगिरीचा माझा नेहमीचा परिच्छेद गाळून, जेवताना म्हणाले होते, “सूज निम्मी झाली.”

सूज खरोखर उतरते तेव्हा ती अशी उतरत नाही. ती तीन पायऱ्या खाली येते, दोन वर चढते, पुन्हा एक खाली. चार दिवसांत अकरावरून शून्यावर येणारा आकडा बरे होण्याचा असू शकतो. तो आतडे थांबल्याचाही असू शकतो. वाहणारा नळ दुरुस्त झाला की पाणी थांबते आणि नळी तुंबली तरीही थांबते. कॅलेंडरवर दोन्ही सारखेच दिसते.

सम्यक पलंगावर उशीला टेकून फोन पाहत होता. त्याच्यासारख्या रुग्णांचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. त्याचे नाव ‘पोटोबा’. दिवसाचे निम्मे तास तो तेथे असतो.

“आली हैदराबादची राणी,” तो म्हणाला. “बिर्याणी आणलीस की नुसती सर्टिफिकेटं?”

“कसा आहेस?”

“आकडा सांगायचा ना? झीरो. झकास एकदम.”

त्याच्या कपाळावर घाम होता आणि पंखा पाचवर होता. शर्टाची खालची तीन बटणे उघडी होती. चौपन्न किलोच्या त्या सुकलेल्या शरीराला एक गोल, ताणलेले, चकचकीत पोट चिकटवल्यासारखे दिसत होते.

“पोट दुखतंय?”

“दुखत नाही गं. जड आहे जरा. किती दिवसांनी आत काहीतरी टिकलंय.”

“वारा सरला?”

“शी! आल्या आल्या हे काय तायडे.”

“सम्यक, वारा सरला का?”

त्याने फोन पालथा ठेवला. “काल सकाळपासून नाही.”

मी डॉक्टर नाही. तरी पोटावर एक हात ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटाने त्यावर टिचकी मारली. रिकाम्या पत्र्याच्या डब्यासारखा आवाज आला. मग मी कान लावला. निरोगी पोट कधी गप्प नसते. आतून दर काही सेकंदांनी गुरगुर ऐकू येते. मी घड्याळाकडे पाहत दोन मिनिटे ऐकले. आत काहीही नव्हते. ती शांतता मी कधी विसरेन असे मला वाटत नाही. मनगटावर नाडी मोजली, एकशे अठ्ठावीस भरली.

“आई,” मी विचारले, “चार दिवसांत ह्याला काय दिलंत?”

“भात, वरण. आणखी काय देणार?” आई दारात उभी होती. हात पदराला पुसत होती आणि ते कोरडे होते.

मी स्वयंपाकघरात गेले. शोधावे लागले नाही. चहापत्तीच्या डब्यामागे तपकिरी काचेची, रुंद तोंडाची, काळ्या झाकणाची बाटली होती. तिच्यावर पांढरे लेबल होते. लेबलावर तुकडी क्रमांक, तारीख आणि द्रावकाचे नाव होते. अक्षर माझे होते.

दुसऱ्या कुणाचे अक्षर असते तर मी ओरडले असते.

“विद्याधरभाऊंनी दिली,” आई मागून म्हणाली. “मीच फोन केला त्यांना. बुधवारी अकरा वेळा गेला गं तो. तुझ्याकडे मागितलं असतं तर तू भाषण दिलं असतंस.”

विद्याधर आमचे प्रयोगशाळा साहाय्यक. साल दळणे, उकळणे, आटवणे, उंदरांना नळीने पाजणे ही कामे तीस वर्षे तेच करतात. अर्क त्यांच्या हातचा असतो. लेबल मी लावते.

मी बाटली घेऊन पलंगापाशी आले. “किती घेतलंस?”

“घाबरू नकोस, हिशेब करून घेतलंय,” सम्यक म्हणाला. त्याला त्याही अवस्थेत थोडा अभिमान वाटत होता. “तुझाच पेपर वाचला मी, तुझ्या लॅपटॉपवर. किलोला दोनशे मिलिग्रॅम. दोनशे गुणिले चौपन्न. दहा पूर्णांक आठ ग्रॅम. आईच्या मसाल्याच्या काट्यावर मोजून, रोज. आज सकाळचं पण झालं.”

गुणाकार बरोबर होता. पण उंदराचा डोस माणसाला असा वजनाने गुणून लावत नाहीत. लहान प्राण्याचे शरीर औषध फार झपाट्याने जाळते, म्हणून माणसासाठी तो आकडा साधारण बाराने भागावा लागतो. हे मी लेखात लिहिले नव्हते. तो लेख ज्यांच्यासाठी होता त्यांना हे ठाऊकच असते. माझ्या भावाने चार दिवस, दर दिवशी, बारा दिवसांचा अर्क घेतला होता.

“आणि स्टिरॉइडच्या गोळ्या?”

दोघांनीही एकमेकांकडे पाहिले.

“गुरुवारपासून बंद,” आई म्हणाली. “तोंड बघ किती सुजलं होतं त्याचं त्या गोळ्यांनी. एक चालू झालं म्हणून दुसरं—”

“आई, त्या गोळ्या एका दिवसात बंद करायच्या नसतात! किती वेळा सांगितलं!”

“सांगितलंस,” ती म्हणाली. “सूज निम्मी झाली, हेपण तूच सांगितलंस.”

कन्नमवार नगरहून मुलुंडच्या रुग्णालयापर्यंत रविवारी रिक्षाला पंचवीस मिनिटे लागतात. प्रत्येक गतिरोधकावर सम्यक ओठ चावत होता. भांडुपच्या पुढे त्याने विनोद करणे थांबवले.

सम्यकवर सुरुवातीपासून उपचार करणाऱ्या डॉ. शुभा रविवारी नसतात, पण आल्या. त्यांनी एक्स-रे काचेवर लावला आणि मोठ्या आतड्याच्या आडव्या भागावर पट्टी धरली.

“सहा पूर्णांक आठ सेंटिमीटर,” त्या म्हणाल्या. “सहाच्या वर गेलं की आम्ही घाबरतो. सुजलेलं आतडं हलायचं थांबलंय आणि फुगत चाललंय. काय दिलंत याला?”

“काही नाही, डॉक्टर,” आई पटकन म्हणाली. “घरचंच जेवण.”

ती माझी नोकरी वाचवत होती. मी पिशवीतून बाटली काढून मेजावर ठेवली.

डॉ. शुभांनी लेबल वाचले. “हे अक्षर कोणाचं?”

“माझं.”

मी सर्व सांगितले: डोस, दिवस, बंद केलेल्या गोळ्या. त्या लिहीत राहिल्या. मग परिचारिकेला बोलावून नाकातून नळी, शिरेतून स्टिरॉइड आणि प्रतिजैविके सुरू करायला सांगितली.

“चोवीस तास पाहू,” त्या मला म्हणाल्या. “फुगवटा उतरला तर ठीक. नाहीतर मोठं आतडं काढावं लागेल. फुटलं तर मात्र काढूनही उपयोग होईलच असं नाही. आता मला सांगा, हा अर्क आतडं थांबवतो का? थांबवला तर किती तास?”

“माहीत नाही.”

“औषध तुमचं आहे ना?”

“आम्ही ते मोजलंच नाही. विष्ठा घट्ट झाली की आम्ही सुधारणा समजून आजाराचे गुण कमी करायचो.”

“एखादा प्राणी असा फुगून मेला होता?”

मी ‘नाही’ म्हणण्यासाठी तोंड उघडले. लेखात ‘नाही’ असेच होते. उपचार दिलेले उंदीर आठ, मृत्यू शून्य.

परंतु गट सुरू झाला तेव्हा ते दहा होते.

सातवा आणि नववा. दोघेही अर्क पाजल्यानंतर काही तासांत मेले होते. नळीने पाजताना नळी चुकून श्वासनलिकेत गेली तर उंदीर मरतो. हे प्रत्येक प्रयोगशाळेत घडते. अशा मृत्यूंचा औषधाशी संबंध नसतो, म्हणून ते मोजणीतून वगळायचे असतात. वगळण्यापूर्वी प्राणी उघडून फुप्फुसे पाहायची असतात. त्या आठवड्यात अहवालाची मुदत होती. मी नोंदवहीत ‘नळीची चूक’ असे लिहिले आणि विद्याधरांची सही घेतली.

“दोन उंदीर आहेत,” मी म्हणाले. “मी ते उघडून पाहिले नाहीत.”

“कुठे आहेत?”

“घाटकोपरला. बर्फात.”

“मी निर्णय पोटाकडे बघून घेणार, उंदराकडे नाही,” डॉ. शुभा म्हणाल्या. “पण जे कळण्यासारखं आहे ते मला कळलेलं बरं. जा.”

विद्याधरांना मी रिक्षातून फोन केला होता. ते प्रयोगशाळेच्या पायरीवर बसले होते, घरच्या लेंग्यात. मला पाहताच उठले.

“मॅडम, पोर बरा होईल ना? माझ्या आवशीन आमका सगळ्यांका ह्याच पाजल्यान. चमचाभर काढा. मी वाईट काय दिलंय असं—”

“तुमच्या आईचा तो काढा होता, विद्याधर. हा अर्क आहे. एका बाटलीत पोतंभर साल असते, तुम्हीच आटवता ना?”

किल्ली त्यांच्या हातून दोनदा कुलपाच्या छिद्राबाहेर घसरली. तोच हात दिवसाला चाळीस उंदरांच्या घशात सुईएवढी नळी घालतो.

अभ्यास प्रसिद्ध होईपर्यंत मृत प्राणी फेकायचे नाहीत, असा आमच्या प्रयोगशाळेचा नियम आहे. ते पाहायचे, असा नियम नाही. शीतपेटीच्या तळाशी दोन पिशव्या होत्या. मी त्या कोमट पाण्यात धरल्या. वितळायला पाऊण तास लागला. त्या वेळात मी आईला तीनदा फोन केला. तिने तीनदा सांगितले की पोट तेवढेच आहे.

प्रथम फुप्फुसे पाहिली. सातव्याची गुलाबी, स्वच्छ. नवव्याचीही. अर्क दाट तपकिरी असतो. एक थेंब जरी आत गेला असता तरी डाग दिसला असता.

“तीस वर्षांत माझ्या हातून नळी श्वासात गेली नाय, मॅडम,” विद्याधर माझ्या मागून म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच अधिक कठीण होते. “तुम्ही लिहिलंत, मी सही केली. मॅडमनी लिहिलं म्हणजे काहीतरी असेल.”

मग मी पोट उघडले. गोठून वितळलेल्या ऊतींवरून निष्कर्ष काढताना सावध राहावे लागते. बर्फाने पेशी फुटतात, आकार बदलतो. मी पुरेशी सावध राहिले. तरीही सातव्याचे मोठे आतडे त्याच्या नेहमीच्या जाडीच्या तिप्पट होते, आणि त्याची भिंत इतकी पातळ होती की तिच्यातून चिमट्याचे टोक दिसत होते. नवव्याच्या आतड्याला टाचणीच्या डोक्याएवढे छिद्र होते. छिद्राभोवती पिवळसर पुवाचा थर चिकटलेला होता. मेलेल्या शरीरात पू होत नाही. छिद्र पडले तेव्हा तो उंदीर जिवंत होता, आणि छिद्र पडल्यावरही काही तास जिवंत होता.

मी डॉ. शुभांना फोन लावला. “दोन्ही फुगलेले. एक फुटलेला. दोघेही शेवटच्या डोसनंतर सात ते नऊ तासांत मेले.”

“सम्यकचा शेवटचा डोस?”

“सकाळी आठ.”

घड्याळात दोन वाजून दहा मिनिटे झाली होती.

“उंदराचे तास माणसाला लावता येत नाहीत,” त्या म्हणाल्या. “पण मग मी चोवीस तासही थांबत नाही. लगेच दुसरा एक्स-रे घेते. तुम्ही या.”

मी पोहोचले तेव्हा एक्स-रे काचेवर होता. आठ पूर्णांक एक. शल्यचिकित्सकांनी संमतीपत्र आईपुढे ठेवले होते. आईने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. तिने सही केली आणि पेन हातात तसेच धरून राहिली.

सम्यकला चाकांच्या पलंगावरून नेत होते. नाकात नळी होती, ओठ कोरडे होते. त्याने माझी ओढणी पकडली.

“तायडे, माझा फोन तुझ्याकडे ठेव.”

“ठेवते. बोलू नकोस.”

“ऐक ना. ग्रुपवर टाकलंय मी. शुक्रवारी. झाडाचं नाव, गुणाकार... ‘आपापल्या वजनानं गुणा’ म्हणून. कॅलेंडरचा फोटो पण.” त्याने श्वास घेतला. “सगळे खूश झाले होते, यार.”

दार बंद झाले.

‘पोटोबा’ गटात दोनशे बारा लोक आहेत. सम्यकच्या संदेशाखाली सत्तावन्न अंगठे होते. मी एकच मजकूर लिहिला: कोणीही हे घेऊ नये, घेतले असेल तर आत्ता या क्रमांकावर फोन करावा. मग वर जात प्रत्येक उत्तर वाचले. बहुतेकांनी नुसते अभिनंदन केले होते. तिघांनी साल कुठे मिळते असे विचारले होते. त्या तिघांना मी फोन केले. चेंबूरच्या गृहस्थांना साल मिळाली नव्हती. कुर्ल्याच्या मुलीच्या वडिलांनी तिचा केलेला काढा गटारात ओतला होता, आणि मी त्यांना आयुष्यात कुणालाही म्हटले नसेल इतक्या मनापासून ‘धन्यवाद’ म्हटले. तिसरी दहिसरची, सुलक्षणा नावाची. तिने शनिवारी सकाळी लिहिले होते, ‘दिरांनी गावाहून आणली. आटवून पावडर केली. दोनशे गुणिले एकसष्ट. सुरू करतेय.’ तिचा फोन वाजत राहिला. मी दर पाच मिनिटांनी लावत होते. त्याखेरीज हातांना दुसरे काम नव्हते.

सव्वासहाला डॉ. शुभा बाहेर आल्या. टोपी काढली नव्हती.

“आहे,” त्या म्हणाल्या. आईने भिंतीला पाठ टेकली. “आतडं काढलं. उचलताना हातात फाटलं, पण तेव्हा ते बाहेर आलेलं होतं. आतमध्ये फाटलं असतं तर...” त्यांनी आता टोपी काढली. “पोटावर पिशवी असेल. पुढचे तीन दिवस कठीण आहेत. मी आत्ता यापेक्षा जास्त बोलणार नाही.”

“रेघा ओढाव्या लागणार नाहीत आता,” आई कुणालाही उद्देशून नसल्यासारखी म्हणाली, आणि मग पहिल्यांदा रडली.

मी तिच्या खांद्याला हात लावणार तेवढ्यात सम्यकचा फोन वाजला. पडद्यावर सुलक्षणेचे नाव होते. उचलून मी सम्यकची बहीण बोलतेय असे सांगितले.

“अहो, किती मिस्ड कॉल!” बाईंचा आवाज उत्साही होता, थोडा धापा टाकणारा. “दुपारपासून जरा पडले होते, अंग जड झालंय. सम्यकला थँक्यू सांगा हो. काल चार वेळा, आज एकदाही नाही. रोज नऊ-नऊ वेळा जायचे मी!”

“सुलक्षणाताई,” मी म्हणाले. “घरात कोण आहे?”

“कुणी नाही. हे कामावर गेलेत. का?”

“वारा सरला का आज?”

पलीकडे हसू आले, मग थांबले. “नाही. कालपासून नाही. का हो?”

“फोन स्पीकरवर टाकून पोटाजवळ ठेवा. एक हात पोटावर पालथा ठेवा. दुसऱ्या हाताच्या बोटानं त्याच्यावर टिचकी मारा. जोरात.”

कापड सरकल्याचा आवाज आला. मग ती टिचकी आली, फोनमधून, दहिसरहून मुलुंडपर्यंत, अगदी स्पष्ट.

रिकाम्या पत्र्याच्या डब्यासारखी.